दोन मिनिटाचं काम आणि डोळा: घरच्या टिनाच्या शेडात कटर-वेल्डिंग करताना

डवरणीचे (कोळपणीचे) दिवस होते. आठ दिवसाच्या झडीनंतर पाऊस उघडला, वापसा आला आणि नेमका तेव्हाच डवऱ्याचा एक बोल्ट गंजून जाम. म्हटलं कटरनं डोकं उडवून टाकतो, दोन मिनिटाचं काम आहे. चष्मा घरात खुंटीला, मी शेडात, मधात अंगणभर चिखल. बोल्ट तुटला, अन् उजव्या डोळ्यात काहीतरी चुरकन गेलं. दुपट्ट्याच्या कोन्यानं पुसलं, पाणी मारलं, थोडं बरं वाटलं म्हणून वावरात गेलो. रात्री टोचायला लागलं, सकाळी डोळा लालभडक, उजेड सहन होईना. तरी एक दिवस काढला, जाईल आपोआप म्हणून. दुसऱ्या दिवशी एसटीनं जिल्ह्याला गेलो तर डॉक्टरनं मशीनवर हनुवटी ठेवायला लावली, डोळा सुन्न केला आणि सुईच्या टोकाएवढा लोखंडाचा कण काढला. कण काढला पण काम संपलं नाही, कारण दोन दिवसात तो कण बुबुळावरच गंजला होता आणि त्याच्याभोवती गंजाचं कडं तयार झालं होतं, ते वेगळं खरवडून काढावं लागलं. पुढं आठ दिवस थेंब, धुळीत जायचं नाही, उन्हात जायचं नाही. वापसा निघून गेला, तण डोक्यावर आलं.

डोळा वाचला. पण तेव्हापासून मी शेडातली सगळी मांडणीच बदलली, आणि आता गावातले पोट्टे कटर मागायला आले की मशीन देण्याआधी चष्मा हातात देतो. आता तर घरोघरी कटर आहे, ड्रिल आहे, कोणाकडं इन्व्हर्टरवालं छोटं वेल्डिंग मशीन पण आहे, लोहाराकडं चक्कर मारायची गरजच राहिली नाही. मशीनं आली पण कसं वापरायचं ते सांगणारं कोणी सोबत आलं नाही, म्हणून मला जे माहीत आहे ते सगळं इथं लिहून राहिलो.

कटर (ग्राइंडर)

आपल्याकडं सगळ्यात जास्त आहे ते चार इंची कटर. मिनिटाला साधारण ११,००० फेरे. हिशोब केला तर चकतीच्या कडेचा वेग ताशी २०० किलोमीटरच्या वर जाते, म्हणजे तिच्यावरून सुटलेला कण डोळा मिटायच्या कितीतरी आधी पोचते. "मी डोळे बारीक करून मारतो ना" असं म्हणणारे खूप आहेत, त्यांना हा आकडा सांगा.

ठिणगी दिसते म्हणून माणूस ठिणगीलाच भेते, पण खरी भीती चकती फुटायची. चकतीवर कमाल फेरे छापलेले असतात, चार इंचीवर साधारण १५,००० च्या वर आणि सात इंचीवर साधारण ८,५००. आता सात इंची चकती चार इंची मशीनला लावायची म्हणून गार्ड (चकतीवरचं झाकण) काढून टाकलं तर ती तिच्या हद्दीच्या बाहेर पळते आणि कधीही तुकडे होते. हे मी स्वतः दोन शेडात पाहिलं आहे, गार्ड काढून कोपऱ्यात फेकलेलं. गार्ड काढू नका. लाकूड कापायची दातेरी चकती कटरला लावू नका, ती अडकली की मशीन हातातून उसळून सरळ मांडीवर नाहीतर मानेवर येते.

आणखी एक गोष्ट बहुतेकांना माहीत नसते. चकतीच्या मधातल्या लोखंडी रिंगवर तारीख ठोकलेली असते, महिना आणि साल. ती चकतीची मुदत आहे, बनल्यापासून तीन वर्षं. चकतीचे दाणे रेझिननं चिकटवलेले असतात आणि ते जुनं झालं, ओल लागली की कमजोर पडते. आपल्याकडं चार महिने पावसाळा, शेडात टिनातून गळते, चकत्या तिथंच खिळ्याला टांगलेल्या. डब्यात ठेवा, झाकण लावून. नवी चकती लावली की लगेच लोखंडाला लावू नका, मशीन स्वतःपासून बाजूला धरून मिनिटभर रिकामी फिरवा, फुटायची असन तर तेव्हाच फुटते. पातळ कटिंगची चकती आडवी करून घासायला वापरू नका, ती फक्त धारेवर जोर सहन करते, बाजूनं नाही.

तारेचा ब्रश लावून गंज काढता तेव्हा तर डबल काळजी घ्या. त्यातून तारा सुटतात, सरळ सुईसारख्या, मी माझ्या शर्टातून काढल्या आहेत. तिथं नुसता चष्मा पुरत नाही, पूर्ण चेहरा झाकणारं शिल्ड पाहिजे आणि त्याच्या आत चष्मा. शिल्ड एकटं का चालत नाही तर ते खालून उघडं असते आणि छातीवर आदळलेला कण उसळून वर डोळ्यात जाते.

लाईटचं पण सांगतो. काम चालू असताना लाईट गेली की आपण कटर तसंच खाली ठेवतो आणि चहा प्यायला जातो. बटन लॉक राहिलेलं असते. अर्ध्या तासानं लाईट आली की ते मशीन जमिनीवर आपोआप सुरू होऊन नाचायला लागते, आणि तिथं लेकरू खेळत असलं तर विचार करा. लाईट गेली की आधी बटन बंद, मग प्लग काढायचा, मग चहा. शेडाच्या बोर्डाला ३० मिलीअँपिअरची आरसीसीबी (करंट गळला की लाईट तोडणारं बटन) बसवून घ्या, अर्थिंग खरोखर जमिनीत गेली आहे का पाहून घ्या, पावसाळ्यात टिनात करंट उतरायची पाळी येऊ नये.

चष्मा कोणता घ्यायचा

नंबरचा चष्मा सेफ्टी चष्मा नाही. उन्हाचा काळा गॉगल पण नाही. फवारणीच्या किटमध्ये मिळतो तसा पातळ गॉगल औषधाच्या तुषारांसाठी ठीक आहे (२०१७ साली यवतमाळ जिल्ह्यात फवारणीतून विषबाधा होऊन माणसं दगावली हे आपल्याकडं कोणी विसरणार नाही, फवारताना तो घालाच), पण त्यावर मार सहन करते असा शिक्का नसेल तर कटरसाठी त्याच्या भरवशावर राहू नका.

काच पॉलीकार्बोनेटची, म्हणजे मजबूत प्लास्टिकची पाहिजे. बारीक अक्षरात काय छापलं आहे ते दुकानातच वाचा. आयएस ५९८३ म्हणजे आपलं भारतीय मानक, ईएन १६६ म्हणजे युरोपचं, झेड ८७ म्हणजे अमेरिकेचं आणि त्याच्यापुढं अधिकचं चिन्ह असलं तर जोराचा मार सहन करणारं. युरोपवाल्यात एफ अक्षर असलं तर ६ मिलिमीटरची पोलादी गोळी सेकंदाला ४५ मीटर वेगानं मारून तपासलेलं असते, बी असलं तर १२० मीटरनं. काहीच छापलेलं नसलं तर तो चष्मा कितीही जाड दिसला तरी वापस ठेवा.

बाजूनं बंद पाहिजे. भुवईच्या वर फट राहते ती बोटानं तपासा, बोट आत जात असलं तर कण पण जाते. ज्याला नंबर आहे त्यानं नंबरच्या चष्म्यावरून बसणारा मोठा गॉगल घ्यावा, दुकानात स्वतःचा चष्मा घालून जा आणि वरून लावूनच पाहा. आणि एक घेऊ नका, तीन घ्या. साधा चष्मा शंभर-दीडशेच्या आसपास येते, आणि शेडात तुम्ही एकटे कधीच नसता. एक जण पाइप धरून उभा असते, एक जण नुसता पाहायला आलेला असते, कण काही विचारून जात नाही की कटर कोणाच्या हातात आहे.

आता खरी अडचण. चष्मा सगळ्यांकडं असतो, कोणी घालत नाही, आणि त्याचं कारण आपल्याकडचं ऊन आहे. मे महिन्यात पारा ४५ च्या वर, वरून टिन, पाच मिनिटात चष्म्यावर वाफ धरते आणि घाम डोळ्यात जाते, माणूस वैतागून काढून फेकते. म्हणून उन्हाळ्यात असं काम सकाळी सहा ते नऊमध्येच उरका, दुपारी टिनाखाली कटर धरूच नका. कपाळाला सुती पट्टी बांधा, घाम तिच्यात जिरते, पण दुपट्ट्याची टोकं लोंबकळत ठेवू नका, ड्रिलनं ती ओढली की मान सोबत जाते. चष्मा साबणाच्या पाण्यानं धुऊन तसाच सावलीत वाळवायचा, साबणाचा हलका थर राहिला की वाफ कमी धरते. वाळला असताना शर्टाच्या टोकानं पुसायचा नाही, त्याच्यावरची लोखंडाची धूळच त्याला ओरखडे पाडते, आणि पेट्रोल-थिनर तर अजिबात लावायचं नाही, पॉलीकार्बोनेटला त्यानं बारीक चिरा जातात आणि मग तो मार सहन करत नाही. ओरखड्यानं धूसर झाला की बदला, कारण धूसर चष्मा माणूस वर सरकवून काम करते.

माझा चष्मा आता कटरच्या वायरलाच दोरीनं बांधलेला आहे, प्लगजवळ. प्लग लावायला हात गेला की आधी चष्माच हातात येते. दोरी सोडून डोळ्यावर चढवल्याशिवाय प्लग लागत नाही. घरात खुंटीला असलेला चष्मा आणि नसलेला चष्मा सारखाच, हे मला आठ दिवस डोळ्यात थेंब टाकून समजलं.

काम संपल्यावरचं पण सांगतो, कारण कितीतरी वेळा डोळ्यात जाते ते काम झाल्यावर. भुवईत, केसात, टोपीवर लोखंडाची भुकटी बसलेली असते. चष्मा काढायच्या आधी मान खाली घालून केस झटका, कपाळ ओल्या फडक्यानं पुसा, मग डोळे मिटून चष्मा समोरच्या बाजूनं काढा. हात धुतल्याशिवाय डोळ्याला बोट नाही.

हातोडी-छन्नी

याच्याबद्दल कोणी बोलतच नाही, आणि मला सगळ्यात जास्त भीती याचीच वाटते. ट्रॉलीचं बेअरिंग निघत नाही म्हणून आपण हातोडी घेऊन सरळ त्याच्या रिंगवर मारतो. बेअरिंग कडक पोलाद, हातोडीचं तोंड पण कडक पोलाद, दोन कडक वस्तू आदळल्या की काचेसारखा बारीक टवका उडते आणि तो बुबुळावर अडकून राहत नाही, आरपार डोळ्याच्या आत जाते. भोक इतकं बारीक की दुखत पण नाही जास्त. माणूस म्हणते काही लागलं नाही. आत राहिलेलं लोखंड हळूहळू गंजते आणि महिन्या-वर्षानं पडदा खराब करून नजर घेऊन जाते.

म्हणून बेअरिंग पुलरनं (ओढून काढायच्या औजारानं) काढा, नसला तर मधात पितळेचा किंवा मऊ लोखंडाचा तुकडा ठेवून मारा. हातोडीवर हातोडी कधी मारू नका. छन्नीचं डोकं मार खाऊन खाऊन छत्रीसारखं पसरलं असलं तर आधी ते घासून साफ करा, त्या पसरलेल्या कडाच उडतात. आणि चष्मा घाला, इथं तर कटरपेक्षा जास्त.

वेल्डिंग

रॉडच्या उजेडात डोळ्याला जाळणारे अतिनील किरण असतात आणि ते बुबुळाची वरची कातडी भाजतात, उन्हानं पाठ भाजते तसंच. तेव्हा काही कळत नाही. संध्याकाळी चार टाके मारले की रात्री एक-दोन वाजता डोळ्यात रेती भरल्यासारखं होते, पाणी वाहते, दिव्याकडं पाहता येत नाही. साधारण सहा ते बारा तासानं हे सुरू होते आणि एक ते तीन दिवसात बहुतेक वेळा बरं होते. पण दर हंगामात दोन-चारदा असं करून घेणं ही काही सवय म्हणायची गोष्ट नाही.

घरच्या कामाला ३.१५ मिलिमीटरचा रॉड १०० अँपिअरच्या आसपास चालते, त्याला दहा किंवा अकरा नंबरची काळी काच पाहिजे. गॅस वेल्डिंगवाल्याचा पाच नंबरचा हिरवा गॉगल यासाठी चालत नाही. काळ्या काचेच्या पुढं साधी पांढरी काच लावा म्हणजे छर्रे तिच्यावर बसतात, आणि काळीला तडा गेला असेल तर ती फेका, तड्यातून उजेड येते.

डोळे मिटून टाका मारायची आपल्याकडं पद्धतच आहे. रॉड टेकवताना नेमकी जागा पाहावी लागते म्हणून माणूस उघड्या डोळ्यानं टेकवते आणि पेटल्यावर मिटते, तोवर डोळ्यानं खाल्लेलं असते. यालाच इलाज म्हणून ऑटो डार्क हेल्मेट आहे. रॉड पेटायच्या आधी काचेतून जागा दिसते, पेटला की सेकंदाच्या हजाराव्या भागापेक्षाही कमी वेळात काळी होते. हजार-दोन हजाराच्या पुढं मिळते, ज्याच्याकडं वेल्डिंग मशीन आहे त्यानं हा खर्च करावा असं माझं स्पष्ट मत आहे. टेस्टचं बटन असलं तर रोज दाबून पाहा, सेल बदला, आणि उन्हात ट्रॅक्टरच्या सीटवर ठेवून देऊ नका.

हेल्मेटच्या आत साधा सेफ्टी चष्मा घालूनच ठेवा. कारण टाका झाला की हेल्मेट वर करतो आणि लगेच हातोडीनं स्लॅग (टाक्यावरची खपली) ठोकतो, तो लालबुंद तुकडा थेट उघड्या डोळ्यात जाते. मी जितक्या वेल्डिंगवाल्यांना ओळखतो त्यातल्या कितीतरी जणांच्या भुवईवर ही खूण आहे.

पाहणाऱ्यांची सोय करा. रस्त्याच्या बाजूनं टिनाचा पत्रा आडोशाला उभा करा, बारदाना लावू नका, पेटते. लेकरं तो निळा उजेड पाहायला येतात आणि घरी जाऊन रात्री रडतात, आईला वाटते डोळे आले. सुती पूर्ण बाहीचा शर्ट घाला, टेरिकॉट वितळून अंगाला चिकटते. पांढऱ्या पत्र्यावर, म्हणजे जस्ताच्या टिनावर वेल्डिंग केलं की त्याच्या धुरानं रात्री थंडी वाजून ताप येते, ते उघड्यावर करा आणि आधी जस्त घासून काढा. डिझेलचा किंवा औषधाचा रिकामा ड्रम कापू नका, रिकामा दिसते पण आत वाफ असते आणि तो बॉम्बसारखा फुटते.

आणि कापूस. दिवाळीपासून पुढं भाव वाढायची वाट पाहत आपण कापूस घरात, पडवीत, जागा नसली तर शेडात भरून ठेवतो. ठिणगी दहा मीटरपर्यंत जाते. कापूस लगेच भडकत नाही, आतून धुमसते आणि सगळे झोपल्यावर पेटते. कुटाराचं (जनावराच्या भुशाचं) पण तसंच. ज्या शेडात कापूस आहे तिथं उलंगवाडी (कापसाची शेवटची वेचणी) होऊन माल विकला जाईपर्यंत कटर-वेल्डिंग बंद, बाहेर अंगणात करा, बाजूला पाण्याची बादली आणि रेतीचं घमेलं ठेवा आणि काम झाल्यावर अर्धा तास तिथंच बसा.

ट्रॅक्टरच्या बॅटरीजवळ पण ठिणगी नको. चार्ज होताना तिच्यातून हायड्रोजन निघते. काढताना आधी निगेटिव्ह, लावताना निगेटिव्ह शेवटी, आणि चष्मा घालून, आत गंधकाचं आम्ल आहे.

डोळ्यात गेलंच तर

चोळू नका. धूळ-माती असली तर स्वच्छ पाण्याची धार सोडा आणि पापण्या उघडझाप करा. गेलं नाही, टोचतच राहिलं, तर त्याच दिवशी डोळ्याच्या डॉक्टरकडं जा, मी केलं तसं दोन दिवस थांबू नका. गावात काडीला कापूस लावून, जिभेनं, दुपट्ट्यानं कण काढून देणारी माणसं असतात, त्यांचा हेतू चांगलाच असते, पण बुबुळावर ओरखडा पडला आणि त्यात जंतू गेले की जखम पिकते आणि फूल पडते. पऱ्हाटीचं (कपाशीच्या झाडाचं) खुट किंवा तुराटी (तुरीची काडी) डोळ्याला लागली असली तर बुरशी लागायची भीती असते, आणि त्यावर मेडिकलमधून स्वतःच्या मनानं स्टेरॉइडचे थेंब आणून टाकले तर ती बुरशी आणखी पसरते. घरात अर्ध्या बाटल्या पडलेल्या असतात, त्या टाकून द्या.

चुना, सिमेंट, बॅटरीचं पाणी, फवारणी पंप दुरुस्त करताना नळीत राहिलेलं औषध, यातलं काहीही गेलं तर एक मिनिट पण वाया घालवू नका, पापण्या बोटानं उघड्या धरून वाहत्या पाण्यानं पंधरा ते वीस मिनिटं धुवा, घड्याळ लावून, मग दवाखाना. चुना आम्लापेक्षा वाईट, तो आत आत उतरत जाते. म्हणून शेडात पाण्याचा कॅन भरलेला ठेवा, नळाला पाणी येईल तेव्हा येईल.

काहीतरी आत घुसलं असं वाटलं, नजर एकदम धूसर झाली, बाहुलीचा आकार थेंबासारखा लांबट दिसला, डोळ्यातून चिकट पाणी आलं, तर इथं उलटं करायचं. धुवायचं नाही, दाबायचं नाही, दिसत असलं तरी उपटायचं नाही. चहाचा कागदी कप डोळ्यावर पालथा ठेवून चिकटपट्टीनं कपाळाला-गालाला लावा, काही खायला-प्यायला देऊ नका कारण ऑपरेशन लागू शकते, आणि १०८ ला फोन करा. प्राथमिक आरोग्य केंद्रात सहसा डोळ्याचा सर्जन नसते, म्हणून सरळ जिल्ह्याच्या दवाखान्यात किंवा मेडिकल कॉलेजात जा. वर्धेकडच्यांना सेवाग्रामचं कस्तुरबा रुग्णालय आहे, तिथं डोळ्याचा विभाग आहे.

वेल्डिंगचा उजेड डोळ्याला लागला असला तर अंधारात पडून राहा, मिटलेल्या डोळ्यावर थंड ओलं फडकं ठेवा, दुखण्याला पॅरासिटामॉल. बटाट्याची चकती मिटलेल्या पापणीवर ठेवली तर थंड वाटते तेवढंच, डोळ्याच्या आत दूध, कांद्याचा रस, मध, गुलाबपाणी काही टाकायचं नाही. सुन्न करायचे थेंब डॉक्टर तपासताना टाकते, ते घरी आणून वारंवार टाकले तर बुबुळ भरून यायचं थांबते. दोन दिवसात फरक नसला किंवा एकाच डोळ्याला जास्त असलं तर नुसते किरण नाही, कण पण असू शकते, डॉक्टरला दाखवा.

दवाखान्यात जाताना ज्या लोखंडावर काम करत होते त्याचा तुकडा पिशवीत टाकून न्या, आणि कटर होतं की हातोडी ते सांगा, डॉक्टर त्यावरून ठरवते की फोटो काढायचा की नाही. आणि पुढं कधी कमरेसाठी म्हणा डोक्यासाठी म्हणा एमआरआय सांगितला तर मशीनवाल्याला आधी सांगा की मी लोखंड घासायचं काम करतो आणि डोळ्यात कधी कण गेला होता, कारण त्या मशीनचं चुंबक आत राहिलेला कण जागचा हलवू शकते. माझ्या जुन्या चिठ्ठीवर डॉक्टरनं हे लिहूनच दिलं आहे, ती मी आधार कार्डासोबत ठेवतो.